वर्गणी भरण्याआधी चेकवर सही कुणाची ते विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की निवृत्तीनंतर पुण्यात आलात, ओळखी व्हाव्यात म्हणून एका वारसाप्रेमी मंडळाची वर्गणी भरली आणि दोन सहली रद्द होऊनही पैसे परत मिळत नाहीत. ही फसवणूक आहे का? तुमचं मंडळ मला माहीत नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण आमच्या मंडळावर अगदी हाच आरोप झाला होता आणि पैसे कुणी खाल्ले नव्हते. ते बँकेत अडकले होते.

आमचे खजिनदार मुलाकडे अमेरिकेला गेले. नवी कार्यकारिणी झाली, ठराव झाला. सह्या बदलायला गेलो तर बँक म्हणाली (कुठली ते जाऊ दे), धर्मादाय कार्यालयाने (ट्रस्टची नोंद तिथेच असते) मंजूर केलेला, कार्यकारिणी बदलल्याचा बदल अर्ज आणा. तो ९० दिवसांत दाखल करायचा असतो, तसा केलाही होता. पोच दाखवली. चालणार नाही. मग जुन्या खजिनदारांचं पत्र आणा. आणलं, तर सही जुळत नाही! अहो, पंचाहत्तरीतला माणूस, हात थरथरणारच. दर खेपेला नवा साहेब, नवा कागद. ‘काय काय लागेल ते एकदाच लेखी द्या’ म्हटलं, तर तेवढंच कुणी दिलं नाही. तोवर बसवाल्याचा आगाऊ आम्ही पदरचा भरत होतो आणि सभासद गटावर हिशेब मागत होते.

तेव्हा सचिवांना आधी सरळ विचारा, खातं अडकलंय का? हो म्हणाले तर थोडा धीर धरा. टाळाटाळ केली तर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा. वर्गणी कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर घेत असतील, तर माणसं कितीही गोड असोत, पुढच्या वर्षी भरू नका. चहापाण्याची काँट्री वेगळी. हे माझं मत, वकिली सल्ला नव्हे.

आता न विचारलेलं सांगतो. ओळखी हव्यात तर पहिली सहल बसची घेऊ नका. जुने लोक आपापल्या जोडीदाराशेजारी बसून घेतात. पेठांमधली पायी फेरी असेल तिला जा. विश्रामबागवाडा, तुळशीबाग, बेलबाग एवढ्या टप्प्यातसुद्धा माणसं बोलती होतात. आणि कार्ल्याच्या लेण्यांची सहल रविवारी ठेवली असेल तर खुशाल नाही म्हणा. सुमारे ३८ मीटर लांब चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), छताच्या मूळ लाकडी फासळ्या अजून जागेवर, पण शेजारीच एकवीरेचं देऊळ असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी माहिती सांगणाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. त्यापेक्षा बेडशाची लेणी सुचवा. तिथलं चैत्यगृह पूर्वाभिमुख आहे, उजेड सकाळचाच चांगला, म्हणून सकाळी लवकर निघायला लावा, मंडळी कितीही कुरकुरली तरी.