शिक्षा झालेल्या गुन्हेगारांना मतदानाचा हक्क असावा का?

असावा. पण आपल्या कायद्याने हा हक्क नुसत्या शिक्षा झालेल्यांचाच काढलेला नाही, ते आधी सांगते.

लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 चं कलम 62(5) म्हणतं की जो तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत आहे, त्याला मत देता येणार नाही. गुन्हा सिद्ध झालाय की खटला अजून सुरूही व्हायचाय, याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही. उलट दोषी ठरून अपिलात जामिनावर सुटलेला माणूस बोटाला शाई लावून येऊ शकतो.

देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागलेला नाही असे. मी फौजदारी वकिली करते. मोबाइल चोरीसारख्या गुन्ह्यात जामीन मंजूर होऊनही पंधरा हजारांचा जामीनदार मिळत नाही म्हणून आत खितपत पडलेली माणसं नेहमी बघते. जामीनदार हवा तो रेशनकार्ड, पगाराची स्लिप, घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात उभा राहणारा. बिगारी कामगाराने तो कुठून आणायचा? त्याच गुन्ह्यातल्या दुसऱ्या आरोपीचा काका सरकारी नोकरीत असेल, तर तो लगेच बाहेर. कायद्यापुढे दोघंही अजून निर्दोष, पण मत देणार एकटाच. याची मला मनापासून चीड येते.

सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये, अनुकूल चंद्र प्रधान खटल्यात, हे कलम वैध ठरवलं. बंदोबस्त आणि मनुष्यबळ पुरणार नाही, हे त्यातलं एक कारण. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे गुन्हा करतील या शंकेवरून खटल्याविना डांबून ठेवलेले लोक आजही टपालाने मत देतात. मग तीच सोय इतरांना का नाही? शिवाय 2013 च्या दुरुस्तीमुळे तुरुंगातून निवडणूक लढवता येते. 2024 मध्ये काश्मीरमधले नेते इंजिनिअर रशीद दिल्लीच्या तिहार तुरुंगात असताना बारामुल्लातून खासदार झाले. कोठडीतला माणूस खासदार होऊ शकतो, पण मतदार नाही!

आता पक्क्या, म्हणजे शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांबद्दल. ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलं, त्याला माझं म्हणणं टोचेल आणि ते मला समजतं. पण न्यायाधीश शिक्षा सुनावतात ती कारावासाची. नागरिकत्व जात नाही. बराकीतली गर्दी, तुरुंगातला डॉक्टर, कामाची मजुरी, संचित रजेचे (शिक्षेदरम्यान काही दिवस घरी जाण्याच्या सुट्टीचे) नियम हे सगळं सरकार ठरवतं, आणि ज्यांच्याकडे मत नाही त्यांची विचारपूस करायला कुठलाच उमेदवार येत नाही. दक्षिण आफ्रिकेत 1999 च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर कैदी मतदान करतात, खुनासाठी शिक्षा भोगणारेही.

अपवाद मी एकच ठेवीन, आणि तो कायद्यात आधीच आहे. मतदारांना लाच देणं किंवा धाकदपटशा करणं अशा निवडणुकीतल्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याचा मताधिकार याच कायद्याच्या कलम 11क खाली सहा वर्षं जातो, मग तो तुरुंगात असो वा घरी. तिथे गुन्ह्याचा मताशी थेट संबंध आहे.