लाडकी बहीणवरून श्रावणबाळ आपोआप सुरू होते का?

करवीर तालुक्यातल्या एका वाचकानं आईसाठी हे विचारलंय. उत्तर: नाही. आईला ६५ वर्षं पूर्ण झाली की लाडकी बहीणचे महिन्याचे १५०० रुपये थांबतात, पण वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनासाठी नवा अर्ज करावाच लागतो. रक्कम तीच, १५००. खरी मेख उत्पन्नात आहे: लाडकी बहीणला वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळला कुटुंबाचं वर्षाचं २१,००० च्या आत! त्यामुळं कालपर्यंतची पात्र बाई आज अपात्र ठरू शकते. तुम्ही करवीर तालुक्यातले म्हणता, तर तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत (अशा निवृत्तिवेतन योजनांचं काम बघणाऱ्या विभागात) चौकशी करा. उत्पन्नाचा, वयाचा आणि १५ वर्षं रहिवासाचा पुरावा न्या. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतात. दुधाचं बिल जमा होतं त्या पतसंस्थेच्या खात्यावर विसंबू नका.