टेनिस कोच डॅरेन केहिल स्वतः एकही ग्रँड स्लॅम जिंकला नाही, मग यानिक सिनरसारखे टॉपचे प्लेअर त्याचं एवढं का ऐकतात?

आधी एक सांगतो, केहिल साधासुधा प्लेअर नव्हता. १९८८ च्या यूएस ओपनला सीडिंग (मानांकन) नसताना त्यानं दुसऱ्याच राउंडला बोरिस बेकरला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं आणि पार सेमीफायनल गाठली, तिथं विलांडरकडून हरला आणि विलांडरच पुढे टायटल घेऊन गेला. नंतरच्या वर्षी रँकिंग २२ पर्यंत आलं होतं, पण गुडघ्यांनी साथच दिली नाही, नाहीतर अजून बरंच काही झालं असतं असं मला मनापासून वाटतं. वडील जॉन केहिल म्हणजे अॅडलेडकडच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले नावाजलेले कोच, त्यामुळे कोचिंग घरातच बघितलेलं.

मग त्यानं कोचिंग केलं ते त्याच्याच गावच्या लेटन ह्यूइटचं. ह्यूइट २००१ ला यूएस ओपन जिंकला आणि विशीत नंबर वन झाला, तेव्हाचा सगळ्यात तरुण. लगेच पुढच्या वर्षी केहिल अगासीकडे गेला आणि २००३ मध्ये अगासी ३३ व्या वर्षी नंबर वन, तेव्हाचा सगळ्यात वयस्कर! एक पळून पळून समोरच्याला दमवणारा, दुसरा बेसलाइनवर पाय रोवून बॉल वर येतानाच मारणारा, दोघांना एकच फॉर्म्युला चालणारच नाही ना.

पण त्याचं का ऐकतात हे बघायचं तर त्याची दुसरी प्लेअर सिमोना हालेप हिचा किस्सा बघा. मार्च २०१७, मायामी, कोंटाविरुद्ध पहिला सेट जिंकलेली मॅच हातातून निसटत चाललेली, तेव्हा डब्ल्यूटीएमध्ये, म्हणजे बायकांच्या टूरवर, कोचला मधे कोर्टवर बोलवता यायचं म्हणून केहिल येऊन शेजारी बसला, तर ही स्वतःलाच दोष देत बसलेली, तो समजावतोय आणि हिच्या डोक्यात काही शिरत नाहीये. मॅच गेली आणि त्यानंतर केहिलनं सरळ काम सोडलं. गेम चांगला होता, अॅटिट्यूड बरोबर नव्हता, हालेपनंच नंतर तसं सांगितलं. तिनं स्वतःला बदललं तेव्हाच तो परत आला. त्याच वर्षी ती नंबर वन झाली आणि २०१८ ला पहिला सेट हरूनही स्टीफन्सविरुद्ध फ्रेंच ओपन काढली. चालू नोकरी अशी सोडायला हिंमत लागते राव.

२०२२ पासून सिनर. तिथं व्हान्योझ्झी पण कोच आहे आणि केहिल त्याच्या जोडीनं काम करतो, स्वतःचं घोडं पुढे दामटत नाही. २०२५ नंतर कोचिंग सोडायचं त्याच्या मनात होतं, तर विम्बल्डन फायनलआधी सिनरनं पैज लावली की मी जिंकलो तर तू कोचिंग सोडायचं का नाही ते मी ठरवणार, आणि अल्काराझला हरवून जिंकला पण!

आणि हो, २००७ पासून तो ईएसपीएनवर कमेंट्रीपण करतो. माझं मत असं की याचा कोचिंगला जबरदस्त फायदा होतो, कारण स्वतःच्या प्लेअरची मॅच नसली तरी बाकी सगळ्यांचा गेम बारकाईनं बघावाच लागतो. यूट्यूबवर त्याचे क्लिप आहेत, रिटर्नला, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस परतवताना, कोण किती मागे उभा राहतोय आणि त्यानं काय फरक पडतो हे तो इतकं सोपं करून सांगतो की पुढची मॅच तुम्ही आपोआप तेच बघायला लागता.