वाचकांचे प्रश्न : अमेरिकेतल्या खेड्यांतले जुने जनरल स्टोअर आणि त्याच्या वह्या

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधल्या एका खेड्यातल्या दुकानाची १७९०च्या दशकातली खतावणी (प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खात्याची वही) वाचतो आहे. रकमा पौंड-शिलिंग-पेन्समध्ये आहेत. डॉलरला साडेचार शिलिंग धरून हिशेब केला, तर सगळेच भाव चढे निघतात. काय चुकतंय?

साडेचार शिलिंगांचा दर लंडनच्या स्टर्लिंगचा आहे. खेड्यातला दुकानदार आपल्या भागातल्या हिशेबी, म्हणजे नुसत्या मोजमापाच्या पौंडात लिहायचा आणि तो पौंड सगळीकडे सारखा नव्हता. न्यू इंग्लंड आणि व्हर्जिनियात डॉलरला ६ शिलिंग, न्यू यॉर्कला ८, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँडकडे साडेसात, तर दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियात ४ शिलिंग ८ पेन्स. म्हणजे तुमच्या वहीतला २० शिलिंगांचा पौंड ३ डॉलर ३३ सेंटांचा आहे. तुम्ही तो ४ डॉलर ४४ सेंट धरलात, त्यामुळे प्रत्येक रक्कम एक तृतीयांशाने फुगली. दुकानदार न्यू यॉर्कहून माल आणत असेल तर आणखी जपा. घाऊक व्यापाऱ्याची बिलं तिकडच्या शिलिंगात असू शकतात आणि गिऱ्हाईकांची खाती इकडच्या.

१७९२च्या कायद्याने डॉलर आणि सेंट आले, तरी शिलिंग लोकांच्या तोंडून लवकर गेला नाही. पुढच्या वह्यांत १७, ३३, ६७, ८३ सेंट असे विचित्र भाव सारखे दिसतात. ते एक, दोन, चार आणि पाच शिलिंग आहेत, फक्त सेंटांत उतरवलेले. साडेबारा सेंट दिसले तर बहुतेक स्पॅनिश रियाल (डॉलरचा आठवा भाग) किंवा न्यू यॉर्कचा शिलिंग समजावा. स्पॅनिश नाणी तिथे १८५७पर्यंत कायदेशीर चलन होती.

प्रश्न : कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि खतावणी दोन्ही हाती आहेत, पण नोंदी एकमेकींना जुळत नाहीत.

कीर्दीपासून सुरुवात करा. नमुन्यादाखल एक नोंद घेऊ : खातेदाराचं नाव, पुढे ‘डीआर’ (डेटर, म्हणजे देणेकरी), त्याखाली ‘टू २ गॅलन मोलॅसिस (काकवी) @ ३/’, उजवीकडे ०-६-० आणि डाव्या समासात ४७. तिरक्या रेघेआधीचा आकडा शिलिंगांचा. समासातला ४७ म्हणजे खतावणीचं पान. त्या पानावर डावी बाजू नावे (गिऱ्हाइकाचं देणं), उजवी जमा (त्याने फेडलेलं). तिथे मोलॅसिसचा पत्ता नसेल, तर ‘संड्रीज’ म्हणजे किरकोळ माल एवढंच लिहून शेजारी कीर्दीचं पान टाकलेलं असेल. कोणी काय नेलं हे कळायला कीर्दच लागते. नुसत्या खतावणीवरून गावाच्या खाण्यापिण्याविषयी निष्कर्ष काढणं धोक्याचं.

कीर्दीतल्या नोंदीवर दोन तिरक्या रेघा म्हणजे ती खतावली गेली. खतावणीत अख्ख्या खात्यावर मोठी फुली असेल, तर खातं चुकतं झालं. नवखे लोक ती नोंद रद्द समजून वगळतात आणि मग बेरजा कशाशीच जुळत नाहीत. तशाही या वह्या बहुधा एकेरी नोंदीच्या असतात, म्हणजे व्यवहार एकाच खात्यात लिहिलेला, त्यामुळे नावे-जमेची बेरीज सारखी यावी अशी अपेक्षाच नको. रोखीने माल नेणारा तर खतावणीत येतच नाही.

दुसरा घोळ नावांचा. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही. एकाच नावाचे दोघे गावात असले की वयाने लहान तो ज्युनियर, मग नातं असो वा नसो. थोरला वारला की धाकट्याच्या नावामागचं ज्युनियर गळून पडतं आणि दोन माणसांची खाती आपण एकाची समजून बसतो. नवऱ्याच्या खात्यावर ‘पर वाइफ’ असेल, तर माल तिने नेला, पण कायद्याने कर्ज नवऱ्याचं.

प्रश्न : जमेच्या बाजूला गिऱ्हाइकांनी पैशांऐवजी दिलेलं लोणी समजलं, पण राख कशासाठी?

पोटॅशसाठी. राखेतून पाणी झिरपवून काढायचं आणि ते लोखंडी कढईत आटवायचं. उरलेला क्षार काच, साबण आणि कापडाच्या कामी यायचा. जंगल साफ करणाऱ्या शेतकऱ्याला शहरात विकण्याजोगा पहिला माल बहुधा हाच. (अमेरिकेचं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९०चं, पोटॅश आणि पर्लअॅश (शुद्ध केलेलं पोटॅश) बनवण्याच्या पद्धतीसाठीच दिलेलं आहे.) राख मेपल, बीचसारख्या कठीण लाकडाची हवी, पाइनच्या राखेत क्षार कमी. पावसात भिजलेली राखही फुकट, कारण कामाचा क्षार पाण्याबरोबर निघून गेलेला असतो. म्हणून दुकानदार घेताना पाहून घ्यायचा.

लोण्याची अडचण वेगळी होती. दहा घरचं लोणी एका पिंपात दाबलं की एका घरच्या खवट लोण्याने सगळ्याचा भाव पडायचा.

याला निव्वळ वस्तुविनिमय म्हणणं मला पटत नाही. प्रत्येक बुशेल (एक जुनं माप) राखेची, प्रत्येक पौंड लोण्याची किंमत पैशांत मांडून मगच जमा होई. रोकड हातात नसली तरी मोजमाप पैशाचंच. शेतकरी चिठ्ठी लिहून आपल्या खात्यावर तिसऱ्यालाच माल द्यायला सांगे. म्हणजे लोहाराची मजुरी दुकानातल्या मिठाने आणि खिळ्यांनी फिटायची.

प्रश्न : वहीत खाडाखोड दिसत नाही, चुकीची नोंदही नुसती रेघ मारून ठेवलेली असते. का?

वाद झाला की वही न्यायालयात जायची. दुकानदाराच्या शपथेसह ती पुरावा म्हणून चाले, पण मान पहिल्या नोंदीच्या वहीला, म्हणजे कीर्दीला. खरवडलेल्या आकड्याने विश्वास जायचा.

प्रश्न : उधारीवर व्याज लागत होतं का?

चालू खात्यावर सहसा नाही. वर्षा-दोन वर्षांनी दोघे बसून हिशेब करत, खात्याखाली सह्या होत. बाकी फिटली नाही तर वचनचिठ्ठी लिहून घेत आणि व्याज तिथून सुरू होई : मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याने ६ टक्क्यांपर्यंत, न्यू यॉर्कला ७. खरी कात्री दुकानदारावर चाले, कारण शहरातला व्यापारी त्याला साधारण सहा महिन्यांची मुदत देई आणि गावची वसुली पिकावर अवलंबून. अब्राहम लिंकन आणि विल्यम बेरी यांनी १८३२-३३मध्ये इलिनॉयमधल्या न्यू सेलममध्ये दुकान घातलं, तेही बरंचसं वचनचिठ्ठ्यांवर. ते बुडालं, १८३५मध्ये बेरी वारला, आणि लिंकन ज्याला गमतीने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत ते देणं त्यांना पुढे कित्येक वर्षं फेडावं लागलं.