दोघांचा एक शिक्का

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

प्रदर्शनात चार चित्रं गेली, त्या पैशांतून तुम्हा दोघांना एक चिनी गुंडाळी, म्हणजे गुंडाळून ठेवायचं लांब चित्र, घ्यायची आहे, हे वाचून बरं वाटलं. पण ‘सर, शिक्के भरपूर आहेत, म्हणजे जुनीच असणार ना?’ हे वाचलं आणि हसू आलं. अगं, मालकांनी चित्रावर मारलेल्या याच लाल शिक्क्यांनी मलाही एकदा फसवलंय. लालेलाल गुंडाळी घरी आणली आणि भिंग लावलं, तर शाईच्या जागी छपाईचे बारीक ठिपके! दूधवाल्याचं बिल तीन महिने थकलं होतं तेव्हा.

शांघायचे वू हूफान आणि पान जिंगशू हे नवरा-बायको तुमच्यासारखेच, दोघंही चित्रं काढणारे. 1921 साली, तिच्या तिसाव्या वाढदिवसाला वडिलांनी तिला काय दिलं असेल? 1261 सालचं, लाकडी ठशांनी छापलेलं प्लमच्या फुलांचं पुस्तक. कळी धरल्यापासून पाकळ्या गळेपर्यंत फुलाची शंभर रूपं. आपल्याकडे बाप पाटल्या करतो! ओउयांग श्युन या सुलेखनकाराच्या शिलालेखांचे कागदावर घेतलेले चार जुने ठसे दोघांच्या घरचे मिळून जमले, तर यांनी पोरांच्या नावांतसुद्धा ‘ओउ’ घातलं.

1938 साली एका विक्रेत्याने वूंना एक तुकडा दाखवला. जेमतेम हातभर, 51 सेंटिमीटर. हुआंग गोंगवांग या चित्रकाराने 1350च्या सुमारास पुरी केलेली फूचुन पर्वताची गुंडाळी तू पुस्तकात पाहिली आहेस. 1650 साली तिच्या मालकाने मरताना ती आपल्यादेखत जाळायला लावली. पुतण्याने दुसरीच एक गुंडाळी आगीत टाकून ही ओढून काढली, पण तोवर तिचे दोन तुकडे झाले होते. सहा मीटरहून लांब तुकडा राजवाड्यात पोचला. हा लहानगा हातोहात फिरत राहिला. वूंनी कडेचा अर्धवट शिक्का पाहिला, जळल्याच्या खुणा पाहिल्या, कुंचल्याचे फटकारे पाहिले आणि घरातलं शांग काळातलं, तीनेक हजार वर्षं जुनं काशाचं भांडं देऊन तो घेतला.

आणि तिकडे अठराव्या शतकात राजवाड्यात काय झालं होतं? छ्यानलुंग बादशहाकडे याच चित्राची नक्कल आधी आली होती. तीच अस्सल समजून त्याने तिच्यावर पन्नासहून जास्त वेळा लिहिलं, शिक्के मारले, कोरी जागा म्हणून ठेवली नाही. मग खरी आली, तर तिला खोटी ठरवलं. त्या चुकीमुळेच खरीचं अंग स्वच्छ राहिलं. आता सांग, शिक्क्यांचं काय घेऊन बसलीस?

वूंच्या घरी मात्र मला आवडणारा एक शिक्का होता. त्यावर नवरा-बायको दोघांचीही नावं होती, संग्रह दोघांचा म्हणून. पान जिंगशू 1939 साली गेली. तिच्या कवितेतली तळ्याकाठी हिरवळलेल्या गवताची ओळ घेऊन वूंनी मित्रांकडून चित्रं काढून घेतली. जळका तुकडा 1956पासून हांगचौच्या संग्रहालयात आहे. मोठा तैपेईला. 2011 साली तिथेच दोन्ही शेजारी मांडले होते.

तुझ्या गुंडाळीचं म्हणशील, तर दुकानात ती आडवी, टेबलावर उघडायला सांग. उजवीकडून डावीकडे, एका वेळी हातभरच. शिक्के तळहाताने झाक आणि एखादा खडक तिथेच वहीत उतरवून बघ. नक्कल करणाऱ्याचा हात कुठे अडखळला, ते तुझ्या हाताला आधी कळेल. घेतलीच, तर दिवाणखान्यात कायमची टांगू नकोस. उजेडाने रंग उडतात, पावसाळ्यात बुरशी धरते. महिन्या-दोन महिन्यांनी काढायची, बघायची, परत गुंडाळायची.

पैसे अजून दिले नसशील तर शनिवारी दुकानात मीही येतो. भिंग माझ्याकडे आहे, जावईबापूंना फक्त वही आणायला सांग.

तुझा,
सर