वाचकांचे प्रश्न : पायलट, त्यांची युनियन आणि करारावरची भांडणं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या पायलटांच्या पगारवाढीवर जाता जाता दोन परिच्छेद लिहिले होते, त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. बऱ्याच पत्रांचा सूर एकच, की एवढा पगार मिळतो तर हे लोक भांडतात कशाला. मला तो सूर पटत नाही, आणि का नाही ते उत्तरांत येईलच.

ताई, माझा मुलगा अमेरिकेत एका एअरलाईनमध्ये फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट आहे. करार संपून दोन वर्षं झाली म्हणतो, संपासाठी ९९ टक्के मतं पडली म्हणतो, तरी संप काही होत नाही आणि नवा करार पण नाही. हे लोक नुसतंच बोलतात का? — एक आई, डोंबिवली

नाही हो काकू, कायद्यानंच त्यांचे हात बांधलेत. तिथे विमान कंपन्यांना रेल्वेचा कायदा लागू आहे, रेल्वे लेबर ॲक्ट, १९२६ चा, आणि १९३६ मध्ये एअरलाईन्स त्यात घातल्या. गाड्या बंद पडू नयेत हा त्या कायद्याचा सगळा रोख, त्यामुळे करार ठरलेल्या तारखेला संपत नाही, त्या तारखेपासून तो फक्त बदलायला मोकळा होतो, आणि नवा होईपर्यंत जुन्याच पगारात जुन्याच अटींवर विमान उडवायचं. बोलणी अडली की नॅशनल मेडिएशन बोर्ड हे सरकारी मध्यस्थ मंडळ मध्ये येतं, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतं, आणि किती महिने बसवायचं याला मुदतच नाही. बोर्डाला वाटलं आता काही होत नाही, तर ते लवाद सुचवतं, कोणी एकानं नकार दिला की आणखी ३० दिवस थांबायचं आणि मग कुठे संपाचा हक्क. त्यातही राष्ट्राध्यक्ष आडवे येऊ शकतात. १५ फेब्रुवारी १९९७ ला अमेरिकन एअरलाईन्सच्या पायलटांनी मध्यरात्री संप सुरू केला आणि काही मिनिटांतच क्लिंटन यांनी आणीबाणी बोर्ड नेमून तो थांबवला.

मग ते ९९ टक्के कशाला? तर बोलणी करणाऱ्या कमिटीच्या मागे सगळे उभे आहेत हे कंपनीला दिसावं म्हणून. डेल्टा एअरलाईन्सच्या पायलटांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये असंच ९९ टक्के मत दिलं आणि मार्च २०२३ मध्ये संप न करता करार पदरात पाडून घेतला. संप होतच नाहीत असंही नाही, कोमेअरचा २००१ मध्ये ८९ दिवस चालला, स्पिरिटचा जून २०१० मध्ये पाच दिवस. पण मधली पळवाट शोधली की महागात पडतं. १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाईन्सच्या पायलटांनी, कंपनीनं रीनो एअर ही दुसरी एअरलाईन विकत घेतल्यावरून चिडून, घाऊक आजारपणाच्या रजा टाकल्या, कोर्टानं कामावर जा म्हटलं तरी ऐकलं नाही, आणि युनियनला साडेचार कोटी डॉलरच्या आसपास दंड बसला.

माझं मत विचाराल तर हा उशीर कंपनीच्याच फायद्याचा असतो, कारण तेवढी वर्षं जुना पगार चालतो. म्हणून मुलाला एकच विचारा, एरिअर्सचं काय ठरतंय. पगारवाढीच्या टक्क्यांवर सगळे बोलतात आणि मागच्या दोन वर्षांचे पैसे शेवटच्या आठवड्यात घाईघाईत सोडून दिले जातात.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत डेल्टाला ३४ टक्के वाढ. मी वाचलं ते १८, ५, ४ आणि ४, बेरीज ३१ होते. कुठलं खरं? — नाशिक

दोन्ही खरं. आधी १८ टक्के, वर्षानं वाढलेल्या पगारावर ५, मग त्याच्यावर ४, मग परत ४, एफडीच्या चक्रवाढ व्याजासारखं. १०० चे ११८, मग १२३.९, मग १२८.८६ आणि शेवटी १३४. पण हे पण लक्षात घ्या की याच पायलटांनी २००४ मध्ये कंपनी वाचवायला ३२.५ टक्के पगार सोडला होता, नंतर दिवाळखोरीत अजून १४ टक्के गेले आणि पेन्शन योजना पण बंद झाली. १०० तले ३२.५ गेले तर उरले ६७.५, ते परत १०० करायला ४८ टक्के वाढ लागते, महागाई तर मी धरलीच नाही. त्यामुळे ३४ चा आकडा ऐकून डोळे विस्फारायच्या आधी हा हिशोब एकदा कागदावर करून बघा.

मी बँकेतून रिटायर झालो, युनियनचं काम पण केलं. आमचा पगाराचा बायपार्टाइट करार व्हायचा तेव्हा कुरबुरी असायच्या पण बाहेर सगळे एक. माझा भाचा ह्यूस्टनला पायलट आहे, तो सांगतो करारावरून क्रू रूममध्ये लोक एकमेकांशी बोलत नाहीत. इतकी शिकलेली माणसं, एका युनियनची, आपसात इतकं का भांडतात? — पुणे

काका, तुमच्या बँकेत माणूस नाशिकहून पुण्याला आला तरी त्याची नोकरीची वर्षं त्याच्याबरोबर यायची. पायलटचं तसं नाही. तिथे सगळं सिनिऑरिटी नंबरवर चालतं आणि तो नंबर त्या एकाच एअरलाईनपुरता असतो. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर यादीत सगळ्यात खाली, पगार पहिल्या वर्षाचा, सीट उजवीकडची, म्हणजे फर्स्ट ऑफिसरची. म्हणजे कंपनी आवडत नाही म्हणून सोडून जाणं हा पर्यायच त्याला जवळपास नाही, त्यामुळे करारातल्या एकेका ओळीवर जीव टांगलेला असतो.

त्यात एकाच करारात दोन अगदी वेगळी आयुष्यं बसवायची असतात. वरच्या नंबरवाला महिन्याचं बिड टाकतो, म्हणजे कुठल्या ट्रिपा हव्यात ते कळवतो, आणि त्याला हवी ती ट्रिप मिळते, नाताळात घरी, विमान मोठं, बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ, घराजवळचा. खालच्या नंबरवाला रिझर्व्हवर. रिझर्व्ह म्हणजे फोन शेजारी ठेवून बसायचं, बेस दुसऱ्या शहरात असेल तर तिथे खोली भाड्याने घेऊन बसायचं, आणि फोन आला की निघायचं. फोन नाही आला तर तो दिवस ना घरचा ना कामाचा. आणि पगार मुख्यतः विमान गेटवरून हललं की पुढच्या गेटला लागेपर्यंतच्या तासांचा, दोन फ्लाईटच्या मधे चार तास टर्मिनलमध्ये काढले तर ते सहसा त्यात धरत नाहीत. आता कमिटीला कंपनीकडून एक ठराविक रक्कम मिळाली, ती कुठे घालायची? रिटायरमेंटच्या खात्यात घातली तर वरचे खूष, रिझर्व्हच्या नियमांत घातली तर खालचे. भांडण इथे आहे आणि ते खोटं नाही.

सगळ्यात जिव्हारी लागलेलं उदाहरण वयाचं. डिसेंबर २००७ मध्ये कायदा बदलून रिटायरमेंट ६० ऐवजी ६५ ला केली. ज्यांची पेन्शन बुडाली होती त्या सिनियर लोकांना पाच वर्षं जास्त कमवायला मिळाली, आणि खालचे सगळे जिथे होते तिथेच पाच वर्षं अडकले, कॅप्टन व्हायची वेळ पुढे गेली, २००८ च्या मंदीत तर काहींची नोकरीच गेली. एकाच युनियनच्या एका मेंबरला जो न्याय वाटला तो दुसऱ्याला स्वतःच्या खिशातून काढलेला पैसा वाटला, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. अलीकडे ६७ करायची टूम निघाली होती, यावेळी त्यांच्या मोठ्या युनियननं, म्हणजे १९३१ पासूनच्या आल्पानं, विरोध केला आणि २०२४ च्या कायद्यात ते आलं नाही.

यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या एअरलाईन्स २००५ मध्ये एक झाल्या तेव्हा तर सिनिऑरिटीच्या दोन याद्या कशा मिसळायच्या यावरून इतकं फाटलं की लवादानं २००७ मध्ये दिलेली यादी एका बाजूनं मानलीच नाही, २००८ मध्ये आल्पाला बाहेर काढून नवी युनियन आणली आणि पुढची कित्येक वर्षं कोर्टात गेली. या काळात फायदा कोणाचा झाला असेल ते तुम्ही युनियनवाले आहात, तुम्हाला सांगायला नको.

तरी मी म्हणेन मतदानाच्या आधी भांडावंच, जोरात भांडावं. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनायटेड एअरलाईन्सच्या पायलटांच्या कमिटीनं आणलेला कच्चा करार मेंबरांनी ९४ टक्क्यांनी फेटाळला. मधे डेल्टाचा करार झाला, बाजारभाव वर गेला, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना आधीपेक्षा कितीतरी चांगला, ४० टक्क्यांपर्यंत वाढीचा करार मिळाला, तो ८२ टक्क्यांनी पास झाला. गप्प बसून पहिलाच घेतला असता तर? मला खटकते ती दुसरीच सवय, करार न वाचता कोणाच्या तरी ऐकीव आकड्यावरून "कमिटी विकली गेली" म्हणायची. जो माणूस महिनोन्महिने घरदार सोडून हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये कंपनीच्या वकिलांसमोर बसलाय त्याला हे ऐकवलं की पुढच्या वेळी चांगली माणसं कमिटीवर उभीच राहत नाहीत. भाच्याला म्हणावं नाही म्हण, हक्कानं म्हण, पण कुठल्या कलमाला नाही ते सांगून म्हण.

डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याकडे इंडिगोची हजारो विमानं रद्द झाली ती पायलटांनी नियमांचा बाऊ केल्यामुळे असं ऐकलं. खरं आहे का? आणि आपले पायलट अमेरिकेसारखा करार का करू शकत नाहीत? — नवी मुंबई

पहिल्याचं उत्तर, नाही. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, जानेवारी २०२४ मध्येच जाहीर केले होते, आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन, आणि ते जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. जवळपास दोन वर्षं हातात होती, प्लॅनिंग चुकलं हे इंडिगोनं स्वतः मान्य केलं. आणि मग झालं काय, तर रात्रीच्या नियमांतून त्यांना तात्पुरती सूट मिळाली. मला हे अजिबात पटलेलं नाही. पहाटे चार वाजता उतरणाऱ्या विमानात मागे आपलीच माणसं बसलेली असतात, आणि पायलटची झोप ही काही कंपनीला परवडली तर द्यायची गोष्ट नाही.

दुसरा प्रश्न मोठा आहे. अमेरिकेत निवडणुकीनं एकच युनियन ठरते आणि तिच्याशी बोलणं कंपनीला कायद्यानं भाग असतं. आपल्याकडे एअर इंडियातच दोन, आयसीपीए आणि आयपीजी, एक जुन्या इंडियन एअरलाईन्सची आणि एक जुन्या एअर इंडियाची. २००७ मध्ये कंपन्या एक झाल्या पण माणसं झाली नाहीत. २०११ मध्ये आयसीपीएनं समान पगारासाठी संप केला, २०१२ मध्ये ड्रीमलायनर या नव्या विमानाचं ट्रेनिंग कोणाला यावरून आयपीजीचा संप ५८ दिवस चालला, शंभरावर पायलट काढले गेले आणि मग परत घेतले. म्हणजे एकाच कंपनीत एकदा हे आणि एकदा ते. २००९ मध्ये मुंबईत जेट एअरवेजच्या पायलटांनी युनियन स्थापन केली, दोघांना नोकरीवरून काढलं तेव्हा पाच दिवस शेकडो पायलट आजारपणाच्या रजेवर गेले, त्यानंतर तडजोड झाली.

त्यात नोटीस पिरियड. २०१७ पासून कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. सोडून जायची भीती घालता येत नाही आणि एकत्र बसून बोलायला मान्यताप्राप्त युनियन नाही, मग उरतं काय? एप्रिल २०२४ मध्ये विस्तारा या एअरलाईनमध्ये दिसलं ते. एअर इंडियातल्या विलीनीकरणाच्या करारात पक्के तास, म्हणजे ज्यांच्या पगाराची हमी असते ते, ७० वरून ४० वर आले, फर्स्ट ऑफिसरांचा पगार एका ईमेलनं खाली गेला, लोक आजारी पडले आणि कंपनीला रोजच्या २५-३० फ्लाईट कमी कराव्या लागल्या. आता नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये संपाआधी १४ दिवसांची नोटीस आहे, आणि निम्म्या लोकांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली की तो पण संपच धरला जाईल. त्याच कायद्यात ५१ टक्के मेंबर असलेल्या युनियनला बोलणी करायचा एकट्याचा हक्क पण दिलाय, पायलट त्यात बसतात का यावर वाद होईलच. पण तो वाद कोर्टात जायचा असेल तर आधी ५१ टक्के माणसं एका यादीत यायला हवीत, आणि ते काम कायदा करून देणार नाही.

मुलगी बारामतीला सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स करतेय. आम्ही तिला सांगतो नोकरी लागली की उडव विमान, युनियनच्या भानगडीत पडू नको. बरोबर ना? — कोल्हापूर

नाही ताई, माझ्या मते बरोबर नाही. एवढं कर्ज काढून शिकवताय, तर नोकरीच्या कागदावर सही करायच्या आधी तिला चार गोष्टी बघायला सांगा, ट्रेनिंगचा बाँड किती वर्षांचा आणि मोडला तर किती रुपये, पक्के तास किती, स्टँडबायचे, म्हणजे फोनची वाट बघत बसण्याचे, पैसे मिळतात का, आणि कंपनीला हा कागद एकतर्फी बदलता येतो का. चौथी सगळ्यात महत्त्वाची, विस्ताराच्या मुलांना तीच नडली. पायलटांची संघटना असेल तर पहिल्या महिन्यात मेंबर व्हायचं, वर्गणी भरायची आणि मीटिंगला जायचं, सुरुवातीला नुसतं ऐकायला. आणि रोस्टर आणि ड्युटीच्या वेळा स्वतःच्या वहीत रोज लिहून ठेवायच्या, कारण थकव्याचा रिपोर्ट द्यायची वेळ आली की कंपनीच्या सिस्टीममधला आकडा आणि आपला आकडा जुळवून बघता आला पाहिजे.