रिपोर्ट वडिलांकडेच राहू दे

पोरी,

तू शिकवतेस त्या पोराच्या जनुक-चाचणीच्या रिपोर्टचा फोटो पाहिला. बारा वर्षांच्या त्या पोराचे वडील ‘एक्स-एक्स आलंय, स्प्रिंट सोडवा, लांब पल्ल्याला घाला’ म्हणून मागे लागलेत. त्यांना उत्तर देण्याआधी ती ओळ काय सांगते, ते तुझं तुला पक्कं हवं.

एसीटीएन-३ हे जनुक अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचं प्रथिन बनवतं, आणि ते फक्त झटक्यात आकसणाऱ्या स्नायुतंतूंत असतं. या जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून येते; चालू प्रत म्हणजे आर, बंद प्रत म्हणजे एक्स. म्हणून आर-आर आणि आर-एक्स असणाऱ्यांत ते बनतं, एक्स-एक्समध्ये बनत नाही. पण त्याचं बरंचसं काम जवळचंच दुसरं प्रथिन उचलतं, म्हणून हा काही आजार नव्हे. जगात साधारण पाचांतला एक माणूस एक्स-एक्स असतो. तुझ्या पंचवीस पोरांच्या बॅचमध्येही चारपाच सहज निघतील, आणि त्यातलं एखादं आज सगळ्यांच्या पुढे पळत असेल.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अव्वल धावपटूंच्या अभ्यासात स्प्रिंटर मंडळींत एक्स-एक्स फारच कमी आढळले, तिथून या चाचण्या विकण्याचा धंदा सुरू झाला. पुढे ऑलिंपिक दर्जाचा एक स्पॅनिश लांब उडीवाला एक्स-एक्स निघाला! दोन धावपटूंच्या स्प्रिंटच्या वेळेत जो फरक असतो, त्यातला या जनुकावर टाकता येणारा वाटा एकदोन टक्क्यांच्या आसपास. स्टॉपवॉच दाबताना तुझा अंगठा त्याहून जास्त चुकतो. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन लिहूनच ठेवलं, की खेळाडू निवडायला किंवा सराव ठरवायला या चाचण्या वापरू नयेत.

बारा-तेराव्या वर्षी खरा गोंधळ घालते ती वाढ. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा लावून उंची घे. मग स्टुलावर बसवून बसलेली उंची घे. आधी पाय लांबतात, धड मागून येतं. मुलींत हा झपाटा बाराच्या आसपास, मुलांत चौदाच्या. त्या काळात पोरगं स्वतःच्याच पायात अडखळतं, हर्डलला पावलं चुकतात आणि वेळ घसरते. गुडघ्याच्या वाटीखाली बोटाने दाबून बघ. तिथे दुखरा उंचवटा असेल तर उड्या लगेच कमी कर. उलट लवकर मिशा फुटलेला पोरगा तालुक्याला सगळ्यांना मागे टाकतो आणि सोळाव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. निवडीत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, आणि रिपोर्टात याची एक ओळही नसते.

उंचीच्या दिवशीच ३० मीटर दोनदा पळव, मध्ये तीन मिनिटं विश्रांती दे आणि चांगली वेळ लिही. उभ्याने लांब उडी तीनदा, शेवटी ६०० मीटर. घड्याळ प्रत्येक वेळी एकाच माणसाच्या हातात दे. एका आकड्यावर काही ठरवू नकोस, वर्षभराची रेघ बघ.

वडील ऐकत नसतील तर आपल्याच सातारा जिल्ह्यातलं सांग. मोहीची ललिता बाबर मॅरेथॉन जिंकून मग स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या शर्यतीला आली आणि २०१६ ला रिओत अंतिम फेरी धावली. सरडेचा प्रवीण जाधव आधी पळायचा, मग धनुष्य हातात घेतलं आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. नेम धरणारं जनुक कुठल्या रिपोर्टात येतं?

एक प्रश्न मात्र त्यांना जरूर विचार: घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का, किंवा पळताना हा पोरगा कधी चक्कर येऊन पडलाय का? उत्तर हो असेल तर पळणं त्याच दिवशी थांबव आणि हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठव. आधी ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी), जनुकाची चाचणी लागली तर ती डॉक्टर सांगतील. हे काम या रिपोर्टसारखं लाळेची बाटली कुरिअरने मागवून होत नाही. आणि ती लाळ, ती माहिती पुढे कुणाच्या हाती जाते तेही त्यांना विचारायला लाव. २०२५ मध्ये अमेरिकेतली लाळेवरून जनुकं तपासणारी एक मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लाखो लोकांना हाच घोर लागला होता.

तो कागद तुझ्या वहीत चिकटवू नकोस. एकदा ‘एक्स-एक्स’ डोक्यात बसलं की स्टार्टला तू त्याच्याकडे कमी बघशील, आणि पोराला ते लगेच कळतं. मंगळवारी त्याची उंची घे, बसलेली आणि उभी, आणि आकडे मला पाठव.